पत्र्यावरचे दगड

सलग तिसऱ्या वर्षी पाऊस आला नाही, आणि सरकारने आमच्या गावाला वाऱ्यापासून वाचवायचं ठरवलं.

यात हसण्यासारखं काही नाही, असं माझा भाऊ म्हणतो. माझा भाऊ म्हणजे भगवानराव, आमच्या गावच्या गृहनिर्माण सहकारी संस्थेचा चेअरमन. मी त्याची थोरली बहीण केसरबाई. नवरा गेल्यावर माहेरी परत आले, पिठाची गिरणी टाकली, आणि तेव्हापासून गावाचं दळण दळता दळता ह्या माणसाचे उद्योग बघते आहे. लहानपणी त्याला मी कडेवर घेऊन फिरवलं, त्याचा शेंबूड पदराने पुसला. त्यामुळे गाव त्याला साहेब म्हणतं तेव्हा मला हसू येतं, आणि तो स्वतःच स्वतःला साहेब समजतो तेव्हा राग येतो.

आधी त्याने दूध संस्था काढली. गुरं चारा छावणीला गेली, संस्थेचा बोर्ड मागे राहिला. मग पाणीपुरवठा संस्था काढली. तिची विहीर ठणठणीत कोरडी आहे, पण वार्षिक सभा दरवर्षी भरते आणि सभासदांना प्यायला पाणी टँकरमधून मागवतात. गृहनिर्माण संस्थेने आजवर एकच घर बांधलं, ते म्हणजे संस्थेचं ऑफिस. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! पण भगवानचं तसं नाही. त्याच्या आडात कधीच काही नसतं आणि त्याचा पोहरा कायम भरलेला असतो.

वाऱ्याची भानगड अशी झाली. आदल्या वैशाखात तालुक्यात वावधान सुटलं होतं. पावसाचा टिपूस नाही, नुसती धूळ आणि वारा. बऱ्याच वस्त्यांवरचे पत्रे उडाले, आणि एका म्हाताऱ्याच्या मानेवर पत्रा बसून तो जागच्या जागी गेला. मग वरच्या लोकांना जाग आली. कोकणातल्या चक्रीवादळासाठी तयार केलेली एक योजना त्यांच्याकडे पडून होतीच, तीच उचलून आमच्याकडे पाठवली. घर वादळात टिकावं म्हणून छताला लोखंडी पट्ट्या आणि हूक बसवायचे, त्याला अनुदान मिळायचं, आणि काम स्थानिक सहकारी संस्थेने करायचं. अर्जात एक रकाना होता, समुद्रापासूनचे अंतर.

मारुतीच्या पारावर बैठक भरली तेव्हा भगवानने तो रकाना मोठ्याने वाचला आणि गंभीर चेहऱ्याने लोकांना विचारलं, "काय लिवायचं?"

मागून आश्रुबा म्हाताऱ्याने विचारलं, "टँकरपासून धरलं तर चालंल का?"

लोक हसले. भगवान हसला नाही. त्याने 'लांब आहे' असं लिहिलं.

लोक म्हणजे तरी किती? ऊसतोडीचे दिवस होते. दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव कोयते घेऊन कारखान्यांवर जातं, ते उन्हाळा लागल्यावर परत येतं. मधल्या काळात गावात म्हातारी माणसं, कुत्री आणि पदाधिकारी एवढेच उरतात. जाणारी माणसं घराला कुलूप लावून किल्ली माझ्या गिरणीत आणून देतात, ही पद्धत माझ्या वडिलांच्या नव्हे, माझ्या स्वतःच्या हयातीतली. भिंतीला खिळे ठोकलेत, त्यांवर किल्ल्या टांगलेल्या असतात. गिरणी सुरू झाली की सगळ्या किल्ल्या थरथरतात, आणि मला वाटतं की अख्खी गल्ली माझ्या जिवावर सोडून गेलेत हे लोक.

आता ह्या गल्लीतली घरं कशी आहेत ते सांगायला पाहिजे. दगडमातीच्या भिंती, त्यावर लाकडाचं आढं आणि वासे, वाशांना तारेने बांधलेले पत्रे. भिंतींचा आणि छताचा एकमेकांशी संबंध म्हणाल तर नुसता शेजाराचा. छत जागेवर राहतं ते त्यावर ठेवलेल्या दगडांमुळे. दोन दगड एका तारेला दोन टोकांना बांधायचे आणि तार आढ्यावरून दोन्हीकडे सोडायची. अशा पाच-सहा जोड्या टाकल्या की वारा कितीही फुगला तरी छत हलत नाही. आमच्याकडे नवीन घर झालं की वास्तुशांत नंतर होते, आधी नदीतून दगड येतात.

इंजिनिअर येऊन बघून गेला. पोरगा बरा होता. त्याने वर बघितलं आणि सांगितलं, "हे दगड धोक्याचे आहेत. वादळात डोक्यात पडतील. आधी पट्ट्या आणि हूक बसवा, मग दगड काढून टाका." बरोबरच बोलला. पण भगवानने त्यातलं अर्धंच ऐकलं, आणि नेमकं मागचं अर्धं.

हूक आले. एका घराला पुरतील एवढे आले, नमुना म्हणून. ते भगवानच्या गोठ्याला बसवले. गोठ्यात एक शेळीसुद्धा नव्हती, सगळी गुरं छावणीत, पण गोठा मात्र वादळरोधक झाला. भगवानच्या स्वतःच्या घरावर स्लॅब आहे, त्यामुळे त्याची काळजी नव्हती. बाकीचे हूक येणार होते. रोज येणार होते. संक्रांत झाली, महाशिवरात्र झाली, हूक येतच होते.

मग वरून निरोप आला की काम पूर्ण झाल्याचे फोटो पाठवा, घरटी एक. आणि जे गाव सगळ्यात आधी पूर्ण होईल त्याला 'शंभर टक्के वादळरोधक गाव' असा मान मिळेल, जिल्ह्याचे मोठे साहेब स्वतः येऊन सत्कार करतील.

हे मी कानांनी ऐकलं, कारण संस्थेचं ऑफिस माझ्या गिरणीला लागूनच आहे. राधाकिशन म्हणून संस्थेचा सेक्रेटरी आहे. भगवान जे म्हणेल त्याला हो म्हणणं हीच त्याची नोकरी. तो मोबाइलवर काढलेले गल्लीचे फोटो दाखवत होता.

भगवान म्हणाला, "राधाकिशन, गोठ्याच्या फोटूत हूक दिसतोय का?"

"न्हाई साहेब. खालून कसा दिसंल? ते आतून असतंय."

"मंग ह्या दुसऱ्या फोटूत काय दिसतंय?"

"दगड दिसतेत."

"मंग दगड काढ की बे."

राधाकिशनने मोबाइल खिशात घातला. मला वाटतं राधाकिशनला तेवढ्यात काहीतरी कळलं असावं, पण नोकरीपुढे त्याने ते गिळलं.

दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्टर फिरायला लागला. घरांना कुलपं, मालक सांगली-कोल्हापूरकडे उसात, विचारायचं कुणाला? पोरं शिडी लावून चढत होती, तारा कापत होती, दगड धडाधड ट्रॉलीत पडत होते. राधाकिशन फोटो काढत होता. आश्रुबाला पुढे उभं करून त्याने चार-पाच घरांचे फोटो काढले, प्रत्येक घरापुढे टोपी बदलून. आणि दगड वाया जायला नकोत म्हणून, सहकार म्हणजे शेवटी काटकसर, ते सगळे गावाच्या शिवेवर नेऊन साहेबांच्या हस्ते होणाऱ्या सत्काराचा कायमस्वरूपी ओटा बांधायला घेतला.

मी गिरणी बंद करून रस्त्यावर आले आणि विचारलं, "भगवान, हूक कुठंयत?"

"येणारेत अक्का. पुरवठादाराचा फोन आलता."

"आन तवर वारं सुटलं तर? वारं काय तुझ्या पुरवठादाराला इचारून सुटणार हाय?"

"तुला योजना कळत न्हाई, अक्का. तू दळण बघ."

मी म्हणाले, "आयघाल्या, माझ्याकडं किल्ल्या हायती त्या घरांच्या." तो हसला आणि म्हणाला की किल्ली दाराची असते, पत्र्याची नसते. मी परत जाऊन गिरणी सुरू केली, आणि भिंतीवरच्या सगळ्या किल्ल्या थरथरायला लागल्या.

एकच घर राहिलं होतं, गल्लीच्या टोकाचं, पारूबाईचं.

गल्लीचं ते टोक म्हणजे बौद्धवाडा, आणि पारूबाई तिथली. तिचा नवरा कचरू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा भारत आणि सून सिंधू उसाला गेलेले. पारूबाई सुईण. गावातल्या निम्म्या पोरांची नाळ तिने कापली आहे, भगवानच्या दोन्ही मुलांचीसुद्धा. दवाखान्याची गाडी वेळेवर पोचली नाही की रात्री-अपरात्री भगवानच्या घरचा माणूस तिच्या दारात उभा राहायचा. बाळंतपण उरकलं की तिला चहा मिळायचा तो अंगणात, गोठ्याच्या कोनाड्यातल्या वेगळ्या कपात. हे मी काही नवीन सांगत नाही. गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळ्यांना चालतं. भगवानने तिच्या घराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. मतं मागायलासुद्धा तो बाहेर उभा राहून हात जोडायचा.

ह्यावेळीही बाहेरच उभा राहिला. म्हणाला, "पारूबाई, तुमच्या एका घरापायी गाव शंभर टक्के हुईना. दगड काढू द्या."

पारूबाई दारातच बसून होती. ती म्हणाली, "माझी सून पोटुशी हाय. आठवा सरला की भारत तिला हितं आणून सोडणार हाय. तिचं पयलं असंच उसात गेलं, पाचटाच्या कोपीमधी. हे माझ्या छपराखाली व्हायचंय. हूक बसवा, मी सोता दगड खाली टाकते. तवर हात लावायचा न्हाई."

"हूक येणारेत."

"मंग दगडबी जाणारेत. आदी ते येऊ द्या."

मला एवढं बरं वाटलं! घरी जाऊन मी तिच्यासाठी निगुतीने ज्वारी दळून पाठवली. पण माझ्या भावाचं एक आहे, समोरून जमलं नाही की तो मागून करतो. सिंधू आली त्याच आठवड्यात एके दिवशी टँकर आला. भारत तिला सोडून परत गेला होता, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्याला थांबता येत नव्हतं. सिंधू आत निजली होती आणि पारूबाई घागर घेऊन रांगेत उभी होती. टँकरची रांग म्हणजे निम्मा दिवस. ती परत आली तेव्हा पत्रा उघडाबोडका होता आणि सिंधू दारात रडत होती. पोरं तिला सांगून गेली होती की आत्याबाईला, म्हणजे तिच्या सासूला, विचारलंय.

आम्ही दोघी तशाच शिवेवर गेलो. पारूबाईच्या कचरूने नदीतून आणलेले दगड होते ते, काळे, गुळगुळीत. ओट्याच्या पहिल्या पायरीत सिमेंटमध्ये बसवलेले तिला दिसले. गवंडी थापी मारत होता.

पारूबाईने वाकून दगडाला हात लावला. ओलं सिमेंट बोटांना लागलं. ती भगवानला एवढंच म्हणाली, "कावून असं केलं, भगवानराव? मी तुमच्या लेकरास्नी जगात आणलं."

भगवान म्हणाला, "गावाच्या भल्यासाठी थोडा तरास व्हतोच."

तेव्हा मी त्याला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. आई जिवंत असती तर तिने माझं तोंड पोळलं असतं आणि मग त्याचंही पोळलं असतं. त्याच्यावर ढिम्म परिणाम झाला नाही. दगडाला पाझर फुटेल, चेअरमनला फुटत नाही.

सत्काराचा दिवस ठरला. ओट्यावर मंडप घातला, रस्त्यावर कमान उभी केली. सकाळपासून लाऊडस्पीकर बोंबलत होता. ऊन असं की जीव नकोसा व्हावा, वारा पडलेला, झाडाचं पान हलेना. मी गिरणीतच होते. दुपारी पारूबाई धावत आली. सिंधूला कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरायच्या आधीच. मी तशीच तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. गावच्या आशा कार्यकर्तीला फोन केला तर ती सत्काराच्या स्वागतगीतात उभी होती. रुग्णवाहिकेला केला तर गाडी साहेबांच्या ताफ्यामागे ठेवलेली. म्हणजे साहेब आले की गाडीही आलीच, असा विचार करून आम्ही थांबलो.

साहेब आले नाहीत. पश्चिमेकडे आभाळ लाल झालं. आधी विटेच्या रंगाचं, मग काळपट. आम्हाला ते दारातून दिसलं, साहेबांना पाटोद्याजवळ गाडीच्या काचेतून दिसलं. वादळरोधक गावाच्या सत्काराला निघालेला माणूस वादळ बघून तिथूनच माघारी फिरला, आणि त्याच्यामागे आमची रुग्णवाहिकाही.

वारा आला तो एकदम आला. आधी मंडप गेला. लाऊडस्पीकरवर "हॅलो, हॅलो" चाललं होतं ते मधेच तुटलं. मग गल्लीतले पत्रे निघायला लागले. एकेक घराचा पत्रा आधी फडफडायचा, मग किंचाळल्यासारखा आवाज करायचा आणि मग घर उघडं पडायचं. मी ज्यांच्या किल्ल्या सांभाळत होते त्यांची घरं. मला एकेकाचं नाव आठवत होतं.

पारूबाई सिंधूच्या पायाशी बसली होती. ती मान वर करून म्हणाली, "केसर, आढं उचलतंय."

खरंच उचलत होतं. भिंत आणि वासा यांच्यामधून उजेडाची रेघ दिसायची आणि मिटायची. घरात कोपऱ्यात विहिरीचा दोर पडला होता. विहीर आटल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. मी तो आढ्यावरून टाकला, दोन्ही टोकं मुठीत धरली आणि पाय उचलून लटकले. माझ्या ह्या वयात! आढं थोडं खाली आलं. वारा पुन्हा फुगला तसं मला घेऊन वर गेलं. माझे पाय जमिनीपासून सुटले, आणि मला कळलं की मी एकटी पुरणार नाही. सिंधू ओरडत होती. पारूबाईला तिथून हलता येत नव्हतं, डोकं दिसायला लागलं होतं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि भगवान आत पडला. मागून राधाकिशन. भगवानचं स्लॅबचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि गल्लीत छप्पर असलेलं हे शेवटचं घर होतं, म्हणून आले. भगवानच्या डोक्यावर फेटा, गळ्यात बिल्ला, तोंड धुळीने पांढरं. उंबऱ्याचा विचार करायला त्या दिवशी त्याला सवड मिळाली नाही. त्याने कोपरा धरला आणि डोकं गुडघ्यांत घातलं.

मी वरून ओरडले, "ऊठ! दोर धर!"

"अक्का, मला..."

"ऊठ म्हणते ना! दगड नेलेस तू, आता दगडासारखा लटक! तेवढाच उपेग हाय तुझा जल्माचा!"

पारूबाई वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "आन तोंड भिताडाकडं करा दोघंबी."

तो उठला. त्याने दोराचं एक टोक हाताला गुंडाळलं, राधाकिशनने दुसरं धरलं, मी मधे. समोर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. वादळ असेपर्यंत माझा भाऊ त्या फोटोकडे बघत लटकत होता, कारण दुसरीकडे बघायची सोय नव्हती. आढं उठायचं, आम्ही तिघं उठायचो. आढं बसायचं, आम्ही धपकन खाली यायचो. दोर त्याच्या तळहातात रुतला आणि रक्त मनगटावरून उतरलं. तो लहान मुलासारखा रडत होता. मला दया आली का? नाही आली. इतक्या वर्षांत सहकाराच्या जिवावर जेवढं अंगावर चढवलं तेवढं एकदा तरी गावाच्या कामाला येतंय, एवढंच मनात आलं.

मुलगी झाली. तिचं रडणं आधी वाऱ्यात ऐकू आलं नाही, मग आलं. थोड्या वेळाने आढं नुसतं कुरकुरायला लागलं आणि मग तेही थांबलं. पारूबाईने नाळ कापली, लेकरू पुसून सिंधूच्या कुशीत दिलं, हात धुतले. भगवान जमिनीवर बसला होता. त्याने पाणी मागितलं. पारूबाईने माठातलं पाणी तांब्यात भरून त्याच्यासमोर धरलं. तिच्या घरचा तांब्या, तिच्या घरचं पाणी. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि तो सगळा तांब्या प्यायला. तहान लागली की सगळं चालतं.

मला वेडीला वाटलं, आता तरी हा माणूस बदलेल.

दोन दिवसांनी पेपरात फोटो आला. सगळी गल्ली उघडी आणि मधे पारूबाईचं एकटीचं घर पत्र्यासकट उभं. खाली छापलं होतं, 'योजनेमुळे घर वाचले. सुरक्षित छताखाली कन्यारत्न.' बाजूला भगवानचा फोटो, दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या. बचावकार्यात जखमी झालेले चेअरमन. बाकीच्या घरांबद्दल त्याने बातमीदाराला सांगितलं होतं की मालकांनी घरं बंद ठेवून देखभालीत कसूर केली.

पाडव्याच्या आसपास ट्रक यायला लागले. माणसं उतरायची, अंगाला उसाची कुसळं चिकटलेली, आणि पद्धतीप्रमाणे आधी गिरणीत यायची. काय सांगायचं त्यांना? मी खिळ्यावरून किल्ली काढून हातात द्यायचे. ती दाराशी जायची, कुलूप उघडायची आणि आत आभाळ बघायची. कुलूप सगळ्यांचं शाबूत होतं. एका बाईने तर किल्ली मला परत आणून दिली आणि म्हणाली, "ठेव बाई, आता कशाला लागती." ती किल्ली माझ्याकडे अजून आहे.

भारत आला. त्याने लेकीला बघितलं, आईकडून सगळं ऐकून घेतलं आणि पहार उचलली. त्याच्यामागे गल्ली निघाली. शिवेवर जाऊन त्यांनी ओटा फोडायला सुरुवात केली. प्रत्येकाला आपापला दगड ओळखू येत होता. आपण डोक्यावरून आणलेला दगड माणूस विसरत नाही.

भगवान पळत आला. "थांबा! ही संस्थेची मालमत्ता हाय! केस करीन एकेकावर!"

भारत पहार घेऊन त्याच्याकडे वळला. त्याच्या तोंडावरून मला वाटलं की आता संपलं. सख्खी बहीण असून मी जागची हलले नाही.

पारूबाई मधे आली. नात तिच्या खांद्यावर होती. ती म्हणाली, "भारत, त्याला मारून माझ्या पत्र्यावर वजन येतंय का?" मग भगवानकडे वळली. पश्चिमेला पुन्हा लाल दिसायला लागलं होतं, ते तिने हाताने दाखवलं. "भगवानराव, वारं येतंय. एक तर दगड माझ्या पत्र्यावर नेऊन ठिवा, न्हाई तर तुमी या लटकायला. दोरी तशीच ठिवलीय."

गल्लीतलं कुणी हसलं नाही. सगळे नुसते बघत राहिले, की हा काय करतो. भगवानने आभाळाकडे बघितलं, स्वतःच्या तळहातांकडे बघितलं. मग जन्मात पहिल्यांदा तो वाकला, पायरीतून निघालेला कचरूचा काळा दगड उचलला आणि खांद्यावर घेतला. ओझं त्याला झेपत नव्हतं, पाय वाकडेतिकडे पडत होते. गल्लीतून तो पारूबाईच्या घरापर्यंत गेला, आम्ही सगळे मागे. भारतने शिडी धरली. तो एकेक पायरी चढला, धापा टाकत वर पोचला आणि दगड पत्र्यावर ठेवला.

आणि ठेवल्या ठेवल्या त्याने मान वळवून खाली बघितलं, राधाकिशन फोटो काढतोय ना ते.